पाइपातला पिंपळ: उपटायचा की राहू द्यायचा?

चाळकरी:
गिरगावातली आमची जुनी पागडीची बिल्डिंग. मागच्या भिंतीत मोरीचा पाइप गळतो तिथेच पिंपळ उगवलाय, खोड मनगटाएवढं झालंय आणि आता सगळे मागे लागलेत की पावसाळ्याआधी काढा. कशाला पण? गल्लीत हिरवं म्हणून तेवढंच आहे, कुणी खत घातलं नाही की पाणी, आपसूक आलंय. राहू दे की.

सळई_सिमेंट:
पाणी घातलं नाही कसं, तुमच्या मोरीचंच पितोय तो! जुन्या भिंती चुन्याच्या, ओल धरून ठेवतात, मूळ सांध्यात शिरतं आणि जाड झालं की विटाच सरकवतं. आज पोपडे पडतायत, उद्या सज्जा पडेल. खालून पोरं शाळेत जातात राव.

तांबटप्रेमी:
लगेच सज्जा पाडला पण! वड, पिंपळ, उंबर भिंतीत कुणी लावत नाही, बुलबुल, कोकीळ, वटवाघळं फळं खातात आणि विष्ठेतून बी पडतं. उंबराला वर्षात बऱ्याचदा फळं येतात, इतर झाडांवर काही नसतं तेव्हा पाखरांना तोच आधार. १९८२ च्या संपानंतर ओस पडलेल्या गिरण्यांच्या भिंतींवर पण पिंपळच आले होते, कुणी वृक्षारोपण केलं नव्हतं.

सळई_सिमेंट:
ओस पडलेल्या ना? मग येऊ देत. इथे माणसं राहतात.

शेजारची_काकू:
आमच्याकडे तोडायला आलेला माणूस म्हणे पिंपळावर मुंजा असतो, हात नाही लावणार 😄 दुसरा आला त्याने वरून छाटला, पुढच्या पावसात दुप्पट फुटला, मुळं आत तशीच. ॲसिड तर अजिबात ओतू नका, चुनाच खातं ते. बोटाएवढं रोप असतं तेव्हाच, भिंत ओली असताना मुळासकट अलगद काढायचं आणि कुंडीत लावायचं, पिंपळ चिवट, जगतो. तुमचा आता मोठा झालाय, परस्पर तोडू नका, १९७५ चा झाडांचा कायदा आहे, आधी पालिकेला विचारा. आणि पाइप नीट केल्याशिवाय काढलात तर तिथेच दुसरा येणार.

तांबटप्रेमी:
काकू, पटलं, पण काढलेल्याच्या बदल्यात जमिनीत एक उंबर तरी लावा, कुंडीत किती दिवस राहणार तो.

चाळकरी:
जमीन? आमच्याकडे दोन बिल्डिंगच्या मधे गटार आहे फक्त. अर्ज करतो मी, पण पाइपाचा खर्च कुणी करायचा, वरच्या मजल्याने की सगळ्यांनी? मालक तर फोनच उचलत नाही.

सळई_सिमेंट:
वरच्यांनी. मोरी त्यांची.

शेजारची_काकू:
पाइप सगळ्यांचा असतो हो!