दक्षिण वझिरिस्तान २००९ : डोंगर जिंकले की नुसते रिकामे केले?

सुळका:
पाकिस्तानी लष्कराने १७ ऑक्टोबर २००९ ला अफगाण सीमेलगतच्या दक्षिण वझिरिस्तान या टोळ्यांच्या डोंगराळ भागात, पाकिस्तानी तालिबानविरुद्ध ‘राह-ए-निजात’ मोहीम काढली. तिला सरसकट फसलेली म्हणायची रीत पडली आहे, मला ती पटत नाही. आधी काय झालं होतं ते आठवा. तिथल्या तालिबानी म्होरक्यांशी लष्कराने तह केले : २००४ मध्ये शकईला नेक मुहम्मदशी करार, २००५ मध्ये सरारोघ्याला बैतुल्ला मेहसूदशी करार. दोन्ही वेळा समोरच्याने दम खाल्ला आणि बळ वाढवलं. २००९ च्या ऑक्टोबरात तर तालिबान थेट रावळपिंडीच्या लष्करी मुख्यालयात घुसले.

मग अठ्ठावीस-तीस हजार सैनिक तीन वाटांनी निघाले : जंडोला, रझमक आणि शकई. गाड्यांची रांग दरीतून दामटण्याऐवजी आधी दोन्हीकडचे माथे धरायचे, मग खालचा रस्ता. वेग अर्थातच गोगलगायीचा. पाकिस्तानी तालिबानचा प्रमुख हकीमुल्ला मेहसूद, त्याचं गाव कोटकई घ्यायलाच आठवडा गेला. पण कड्यावरचा एक मशीनगनवाला खालची अख्खी तुकडी दिवसभर खिळवून ठेवतो, तिथे दुसरं करणार काय? बर्फ पडायच्या आत सरारोघा हाती आलं. याहून चांगला मार्ग कोणाकडे असेल तर सांगा.

तिरकस:
हकीमुल्ला सापडला का? नाही ना. १ नोव्हेंबर २०१३ ला अमेरिकन ड्रोनने मारला, तोही उत्तर वझिरिस्तानात, मिरानशाहजवळ. म्हणजे तुम्ही घर जिंकलंत आणि मालक शेजारी राहायला गेला. जाणारच! चढाई होणार हे जूनपासून जगजाहीर होतं. आणि शेजारी कोण, तर वझीर टोळीचा तालिबानी म्होरक्या हाफिज गुल बहादूर. त्याच्याशी आणि दुसरा वझीर म्होरक्या मौलवी नझीर याच्याशी लष्कराने आधीच समजूत करून ठेवलेली. तीन वाटांनी कोंडी करायची आणि चौथी उघडी ठेवायची, ही कसली कोंडी?

सुळका:
त्या दोघांना गप्प बसवलं नसतं तर वझीर आणि मेहसूद दोन्ही टोळ्या एकदम अंगावर आल्या असत्या. त्याच वर्षी मे महिन्यात स्वात खोऱ्यात मोहीम काढलेली, तिथून सैन्य हलवता येत नव्हतं, पूर्वेच्या भारत सीमेवरून हलवायची तयारी नव्हती. आहे त्या बळात एक शत्रू निवडणं म्हणजे लबाडी नव्हे.

तिरकस:
आणि निवडला नाही त्याच्यासाठी जून २०१४ मध्ये उत्तर वझिरिस्तानात ‘झर्ब-ए-अझ्ब’ मोहीम काढावी लागली. तेच काम, पाच वर्षांनी, पुन्हा.

नदीकाठ:
तुम्ही दोघंही नकाशावरच लढताय. दोन लाखांहून जास्त मेहसूद घरदार सोडून खालच्या सपाटीवरच्या टांक आणि डेरा इस्माईल खान या शहरांत उतरले, बहुतेक नातेवाइकांकडे, नाहीतर भाड्याच्या खोल्यांत. एका घरात तीन-चार कुटुंबं. परतायला कित्येकांना वर्षं लागली. गेले तर घरं पडलेली आणि वाटेत सुरुंग. २०१८ मध्ये पश्तूनांच्या हक्कांसाठीची पश्तून तहफ्फुझ चळवळ उभी राहिली तेव्हा तिच्या मुख्य मागण्यांत ‘सुरुंग काढा’ ही होती. शेळ्या चारायला डोंगरावर पोर पाठवायची की नाही, हा तिथला प्रश्न होता. माथे कोणी धरले, हा नव्हता.

शिवाय तेव्हा त्या टोळ्यांच्या भागात कायदा होता १९०१ चा, ब्रिटिशांचा. एकाने गुन्हा केला तर शिक्षा सगळ्या टोळीला. तो २०१८ पर्यंत चालला!

जुना वाचक:
ब्रिटिशांवरून आठवलं. १९३६ पासून वझिरिस्तानातला बंडखोर ‘इपीचा फकीर’ याच्यामागे त्यांनी हजारोंनी फौज आणि विमानं लावली. ब्रिटिश गेले, फकीर १९६० मध्ये अंथरुणात वारला. बाकी चालू द्या.

सुळका:
@नदीकाठ, सुरुंगांचा मुद्दा मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण २०१४ नंतर पाकिस्तानातले हल्ले काही वर्षं खूप घटले, हेही खरं ना? डोंगरातले तळ गेले नसते तर घटले असते का?

तिरकस:
२०२१ मध्ये काबूल अफगाण तालिबानच्या हाती पडल्यावर परत वाढले, ते वाक्य राहिलं तुमचं. तळ सीमेपलीकडे सरकला, एवढंच.

नदीकाठ:
मोहिमेनंतर तिथे लष्कराच्या चौक्या आल्या. पोलीस आणि न्यायालयं यायला २०१८ चं विलीनीकरण, म्हणजे हा भाग खैबर पख्तूनख्वा प्रांतात मिळवणं, उजाडावं लागलं. मधली नऊ वर्षं मेहसूद माणसाने तक्रार घेऊन जायचं कुठे, चौकीवर? सुळका, याचं तरी उत्तर द्या.