अनुभव धागा : खापरपणजोबांच्या मागावर

शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या आपल्या माणसाचा माग तुम्ही कसा काढलात? कागद कुठे सापडला, वाचून कुणी दिला, हाती काय लागलं, सगळं लिहा. सुरुवात मी करते.

वडिलांच्या अस्थी घेऊन नाशिकला रामकुंडावर गेलो होतो. तीर्थोपाध्यायांनी आडनाव विचारलं, मग गाव. आम्ही सातारा म्हटलं. "त्याच्या आधीचं?" ते आत्यालाच ठाऊक होतं. थोड्या वेळात लांबट वही पुढ्यात आली. शके १७९१, म्हणजे ७८ मिळवून इसवी सन १८६९. खापरपणजोबांच्या स्वतःच्या हातचं मोडी, शाई तपकिरी पडलेली. वडील, आजोबा, दोन भाऊ, तीन मुलगे. बायकांत फक्त त्यांच्या आईचं नाव, कारण तिच्याच अस्थी घेऊन ते आले होते. खापरपणजीचं नाव कुठेच नाही. ते मला हवं आहे.

•

ताई, तहसीलच्या अभिलेख कक्षात गावाचं जुनं कोतवाल बुक मिळतं का बघा. जन्ममृत्यूच्या नोंदी त्यात असतात. मी मोडी त्यासाठीच शिकलो. आधी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगायची. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही. पहिले दोन महिने एक ओळ धड लागत नव्हती.

पण १८९७चं पान लागलं आणि मी वाचायचा थांबलो. आमच्या घरात पंधरा दिवसांत चार मृत्यू. रोगाच्या रकान्यात चारदा 'गाठीचा ताप'. आदल्या वर्षी मुंबईत आलेला प्लेग आमच्या वाडीपर्यंत पोचला होता. पणजोबांना मामांनी वाढवलं हे आजी सांगायची, का ते कधी सांगितलं नाही.

आणि 'कोम' शब्द शोधा. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. त्याच्या आधी तिचं स्वतःचं नाव असतं. माझी खापरपणजी मला तशीच सापडली.

•

आम्ही वसईचे. आमच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदी पोर्तुगीजमध्ये आहेत. त्यांत आईवडिलांबरोबर दोन्हीकडचे आजी-आजोबाही लिहिलेले, म्हणजे एका नोंदीत तीन पिढ्या, बायकांसकट. घोळ नावांचा. एकाच आळीत एकाच नावाचे तिघे! आमचा कोणता, ते धर्ममातेच्या नावावरून ठरवलं.

•

मी मॉरिशसहून लिहिते. इथे मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांच्या, नोंदवह्या आहेत. क्रमांक, जहाज, बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरची खूण. माझ्या खापरपणजीच्या नोंदीत उजव्या हातावर गोंदण लिहिलंय. जिल्हा रत्नागिरी कळतो, पण गावाचं नाव साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं. आम्ही ते मोठ्याने, मालवणी हेल काढून वाचतो. दोन गावांपर्यंत आलोय.

•

धागा काढणारी पुन्हा. दादा, 'कोम'चं वाचून तहसीलला अर्ज दिला. वर्ष कोणतं लिहू कळेना, म्हणून आत्याला फोन केला. नाव तिलाही माहीत नाही. पण म्हणाली, "तिचं पान अविधवा नवमीला वाढायचे गं." म्हणजे ती नवऱ्याआधी गेली. खापरपणजोबा गेले त्याच्या आधीची पानं मागितली आहेत.