यजमानांच्या आजारपणात ख्रिस्ती प्रार्थनेचा आधार घ्यावासा वाटतो, हे योग्य आहे का?

रामबाग_इंदूर

नमस्कार. आम्ही इंदूरच्या रामबागेत राहणारे जुने मराठी कुटुंब आहोत. घरात दत्तभक्ती आहे. सासूबाईंची दत्तसंप्रदायातले संत नाना महाराज तराणेकर यांच्यावर श्रद्धा होती आणि करुणात्रिपदी, म्हणजे दत्तगुरूंची करुणा भाकणारी पदे, आमच्याकडे आजही रोज म्हटली जाते. यजमानांची मूत्रपिंडे निकामी झाल्यापासून त्यांचे आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस चालू आहे. तिथे बाहेरच्या बाकावर एक केरळी बाई भेटतात, त्यांच्या मुलाचेही डायलिसिस चालते. त्यांनी माझी परवानगी विचारून यजमानांसाठी प्रार्थना करायला सुरुवात केली. पुढे त्यांच्याबरोबर मी इथल्या कॅथलिक लाल चर्चमध्येही जाऊन बसू लागले, आणि तिथे मला जे स्वस्थ वाटले ते नाकारता येत नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. संकट आले म्हणून दुसऱ्या धर्माच्या दाराशी जाणे हा निव्वळ स्वार्थ नाही का? आणि दुसरा अधिक टोचणारा आहे. एका घरगुती प्रार्थनासभेत मला सांगण्यात आले की विश्वास पूर्ण असेल तर आजार राहूच शकत नाही. तेव्हापासून यजमानांची प्रकृती बिघडली की माझ्याच श्रद्धेत काही खोट असावी असे वाटत राहते. ख्रिस्ती धर्म खरोखर असेच सांगतो का?

नगरकर_सध्या_इंदुरात

ताई, आमचे घराणे अहमदनगरकडचे आणि काही पिढ्यांपासून ख्रिस्ती. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो तुम्हाला जास्त छळतो आहे. नाही, ख्रिस्ती धर्म असे सांगत नाही; काही उपदेशक सांगतात, आणि त्यांनी तसे सांगू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

बायबलमधल्या येशूच्या चरित्रांना शुभवर्तमाने म्हणतात; त्यांतल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. येशू उत्तर देतो की याचेही नाही आणि त्यांचेही नाही. येशूचा प्रेषित पौल याने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारी पीडा, दूर व्हावा म्हणून प्रभूला तीनदा विनवले, असे करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आहे. तो काटा गेला नाही. कृपा पुरेशी आहे एवढेच उत्तर मिळाले. आता पौलाचा विश्वास अपुरा होता असे कोण म्हणेल? खुद्द येशूने अटकेच्या आदल्या प्रहरी गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, आणि तो टळला नाही. बायबलमधल्या ईयोब या सज्जनावर संकटे कोसळतात, तेव्हा त्याचे मित्र तर तुम्हाला भेटलेल्या उपदेशकांसारखेच बोलतात. सात दिवस ते त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर सारे ठीक होते. तोंड उघडल्यावर मात्र त्यांनी त्याच्याच दोषाकडे बोट दाखवले. ग्रंथाच्या शेवटी देवाचा कोप होतो तो या मित्रांवर, ईयोबावर नव्हे.

आता स्वार्थाविषयी. शुभवर्तमानांत येशूकडे येणारी बहुतेक माणसे गरज पडली म्हणूनच आलेली आहेत, आणि त्यांतली सगळी त्याच्या धर्माचीही नाहीत. कफर्णहूमचा शताधिपती रोमी सैन्यातला होता; तो आपल्या चाकरासाठी आला. मत्तयाच्या १५ व्या अध्यायातली कनानी बाई आपल्या मुलीसाठी आली. तिला मिळालेले पहिले उत्तर कठोर आहे, आणि मला ते आजही अवघड जाते. पण ती हटली नाही, आणि शेवटी येशूने तिच्याच विश्वासाची वाखाणणी केली. आधी आपला धर्म सोड, मग मुलीचे पाहू, असे तिला कोणी म्हटले नाही.

चर्चमध्ये बसायला, प्रार्थना करायला आणि आपल्यासाठी प्रार्थना करा असे सांगायला कोणालाही मज्जाव नसतो. कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे तिथल्या मुख्य उपासनेत, कम्युनियन (पवित्र भाकरीचे ग्रहण) मात्र बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असते, तेव्हा त्या वेळी आपण जागेवरच बसून राहावे. त्यात कोणताही अपमान नाही.

वॉर्डातली_सिस्टर

मी परिचारिका आहे, म्हणून एकच गोष्ट ठासून सांगते. प्रार्थनेसाठी किंवा उपासासाठी डायलिसिसची एकही पाळी चुकवू नका. पाळी चुकली की शरीरात पाणी आणि पोटॅशियम साठते, श्वास लागतो, आणि पोटॅशियम फार वाढल्यास हृदयाची गती बिघडून जिवावर बेतू शकते. ज्या सभेत औषध बंद करा असे सुचवले जाईल, तिथून त्याच क्षणी उठावे. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितले आहे, पण वैद्याला घालवून द्या असे त्यात कुठेही नाही. उलट पौलाचा सोबती लूक हा स्वतः वैद्य होता. कोणत्याही बाहेरच्या तीर्थाबाबत किंवा प्रसादाबाबत आधी आहारतज्ज्ञांना विचारा, कारण या रुग्णांना पाणी आणि फळेसुद्धा मोजून द्यावी लागतात.

जुना_वकील

माझे मत थोडे निराळे आहे. या ताईंना जो आधार मिळाला तो सिद्धांताचा नसून त्या बाकावरच्या बाईंचा आहे, असे मला वाटते. तसा आधार दत्तमंदिरातल्या एखाद्या वृद्धेनेही दिला असता; आपल्या समाजात तो वेळेवर मिळत नाही ही आपली उणीव आहे, आणि ती मान्य करायला आपण तयार नसतो. माणूस हवालदिल असताना केलेला धर्मविचार पुढे टिकतोच असे नाही, म्हणून धर्मांतराचा निर्णय आजारपणात घेऊ नये.

कायद्याचेही सांगतो. मध्य प्रदेशात १९६८ पासून याविषयी कायदा होता आणि २०२१ मध्ये त्याच्या जागी नवा धर्मस्वातंत्र्य कायदा आला. प्रलोभन, धाक किंवा फसवणूक करून केलेले धर्मांतर हा गुन्हा आहे, आणि स्वेच्छेने धर्म बदलू इच्छिणाऱ्यानेही ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे घोषणापत्र द्यावे अशी तरतूद त्यात आहे. तिला न्यायालयात आव्हानही दिले गेले आहे. चर्चमध्ये जाऊन बसणे म्हणजे धर्मांतर नव्हे. तरीही यजमानांना सारे सांगून ठेवा, म्हणजे घरात गैरसमज होणार नाहीत.

नगरकर_सध्या_इंदुरात

वकीलसाहेबांशी मी निम्मा सहमत आहे. घाई नको हे खरेच. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली, पुढे भाऊ आणि १८८२ मध्ये पतीही गेले. इंग्लंडमध्ये १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो वाचून आणि वाद घालून. त्यानंतरही तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचा मतभेद संपला नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी रेव्हरंड टिळकांच्या मागोमाग पाऊल टाकले नाही. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मधला, तर लक्ष्मीबाईंचा १९०० मधला. रूढ चर्चमध्येही प्रौढ माणसाला बाप्तिस्म्यापूर्वी बरेच दिवस शिकवले जाते.

पण बाई आणि सिद्धांत इतके वेगळे करता येतील असे मला वाटत नाही. अनोळखी माणसाच्या दुःखाजवळ जाऊन बसावे हे त्या बाई ज्या श्रद्धेत वाढल्या तिथेच शिकल्या असतील.

रामबाग_इंदूर

सर्वांची आभारी आहे. यजमानांना काल सांगितले. ते म्हणाले, "जात जा, पण संध्याकाळची त्रिपदी चुकवू नकोस." त्या सभेला मी यापुढे जाणार नाही. घरी मराठीत वाचण्यासारखे काही सुचवाल का? मिस्सा हिंदीत किंवा इंग्रजीत असते, आणि मन मराठीतच लागते.

नगरकर_सध्या_इंदुरात

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतले १३ वे स्तोत्र घ्या, अगदी लहान आहे. देवा, किती वेळ मला विसरणार, असे ते थेट विचारते. करुणात्रिपदी म्हणणाऱ्या घराला देवाशी असे बोलणे परके वाटणार नाही. ८८ वे स्तोत्र मात्र सध्या बाजूला ठेवा, ते अंधारातच संपते. मराठी बायबल मोबाइलवर विनामूल्य मिळते. छापील प्रत हवी असल्यास मला निरोप करा, रामबागेत आणून देईन.