53व्या वर्षी पेन्शन एकरकमी काढावी का?

सिडकोकर: सिन्नरच्या कारखान्यात 19 वर्षं लेथवर काढली. आता व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतली. घराचे हप्ते बाकी आहेत. सोबतचे म्हणतात, पीएफबरोबर पेन्शनही एकदम काढ आणि मोकळा हो. माझं मन धजत नाही. मागे हिचं कसं होणार?

लेखापाल_सातपूर: दादा, ईपीएस-95 मध्ये (पीएफसोबतची कर्मचारी पेन्शन योजना) 10 वर्षं भरली की पेन्शनचे पैसे एकरकमी निघतच नाहीत. एक तृतीयांश पेन्शन विकून रोख रक्कम घ्यायची सोयही 2008 मध्ये बंद झाली. कर्ज पीएफमधून फेडा, तो वेगळा. तुमच्यापुढे प्रश्न एवढाच: पेन्शन आत्ता की 58ला? लवकर घेतली तर दर वर्षाला 4 टक्के कपात. समजा 58ला 4,000 बसते, तर आज 3,200. पाच वर्षांत 1,92,000 हातात येतात. थांबलात तर पुढे महिन्याला 800 जास्त. ही तूट भरून निघायला 20 वर्षं, म्हणजे वय 78. माझ्या मते घरात दुसरी कमाई नसेल तर आत्ताच घ्या. आणि वहिनींची काळजी नको, मागे पत्नीला पेन्शन असतेच.

गंगापूररोड_ताई: पण भाऊ, कपात कायमची असते, 58 नंतर भरून देत नाहीत. यात महागाई भत्ताही नाही.

सिडकोकर: अंबडला एका वर्कशॉपमध्ये बोलावलंय, पीएफ कापतात.

लेखापाल_सातपूर: मग थांबाच! पीएफ कापणारी नोकरी असताना लवकरची पेन्शन मिळत नाही. 10सी फॉर्म भरून स्कीम सर्टिफिकेट (पेन्शन योजनेतल्या सेवेचा दाखला) घ्या, जुनी 19 वर्षं पुढे जोडली जातील.