विषय: होलरॉइड गेलं कुठे?

मंडळी, नमस्कार.
गेल्या महिन्यात सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलला घर घेतलं. आधीच्या मालकांनी ठेवलेल्या फायलीत रेट्सच्या (म्हणजे घरपट्टीच्या) पावत्या होलरॉइड काउन्सिलच्या (इथल्या नगरपालिकेच्या) आहेत, आमच्या नावाने बिल आलं ते कंबरलँडचं, आणि याच २१४५ पिनकोडातली मैत्रीण म्हणते, "आम्ही पॅरामॅटा." जुना सोफा टाकायचाय. फोन कुणाला करू?
– वेंटवर्थव्हिलची नवी

---

ताई, बिल ज्यांचं, सोफा त्यांचा. कंबरलँडला फोन करा, आणि विचारल्याशिवाय सोफा फुटपाथवर ठेवू नका.
होलरॉइड संपलं १२ मे २०१६ ला. माइक बेअर्ड तेव्हा प्रीमियर, म्हणजे राज्याचे मुख्यमंत्री, होते. त्या एका दिवसात न्यू साउथ वेल्स सरकारने १९ नव्या काउन्सिल उभ्या केल्या. सांगताना सगळे "विलीनीकरण" म्हणतात, पण इथे सुईदोऱ्याआधी कात्री चालली. ऑबर्न काउन्सिलचे एम-फोर महामार्गावर दोन तुकडे झाले. दक्षिणेकडचा कंबरलँडला आला; ऑलिंपिक पार्क, न्यूइंग्टन वगैरे उत्तरेकडचा पॅरामॅटाला गेला. मलईचा भाग कुठला, ते तुम्हीच ठरवा. पॅरामॅटाचा ग्रॅनव्हिलकडचा दक्षिण भाग आपल्यात आला. होलरॉइड बहुतेक सगळं आलं, थोडं पॅरामॅटाने घेतलं. तुंगॅबीत तर ब्लॅकटाउन धरून आजही तीन काउन्सिल आहेत.
नगरसेवक सगळे घरी. सप्टेंबर २०१७ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडे. तक्रार करायला आपला म्हणावा असा माणूसच नव्हता, हे मला अजून खटकतं.
– पेंडल हिलचे काका

---

काका, मी मिरजेची, त्यामुळे यातलं थोडं कळतं. १९९८ साली आमची सांगली-मिरज-कुपवाड महापालिका झाली. नाव घेताना धाप लागते, पण तिघांपैकी कुणाचं नाव पाटीवरून पुसलं नाही. इथे होलरॉइडही नाही, ऑबर्नही नाही. हे कंबरलँड कोण?
– मेरीलँड्स

---

कुणीच नाही, म्हणून तर चाललं! १७८८ मध्ये गव्हर्नर फिलिपने सिडनीभोवतीच्या सगळ्या मुलखाला 'काउंटी ऑफ कंबरलँड' म्हटलं, तेच नाव उचललं. म्हणजे नाव अख्ख्या सिडनीचं आणि वापरतो आपण. अशाच जोडलेल्या कँटरबरी-बँक्सटाउन काउन्सिलवाल्यांनी तुमच्या सांगलीसारखी जोडरेघ ठेवली. तीन काउन्सिल मिळून झालेल्या इनर वेस्टनेही तिन्ही जुनी नावं टाकली. तिथल्या मतदारांनी २०२१ मध्ये "आम्हाला परत वेगळं करा" असा कौल दिला. होलरॉइडचं नाव मात्र मेरीलँड्सच्या होलरॉइड गार्डन्समध्ये उरलंय. संध्याकाळी फिरायला जाता ना तिथे?
– काका

---

जाते की! रोज पाटीखालून जाते आणि कधी विचार केला नाही.
– मेरीलँड्स

---

काका, आभार. फोन लावते.
– नवी

---

थांबा, थांबा. सोफा तीन जणांचा आहे का? मुलगा तुंगॅबीला भाड्याने राहायला चाललाय. शनिवारी गाडी घेऊन येतो.
– काका