पांढरं जातंय आणि खूप खाज आहे, मेडिकलमधून ट्यूब आणू का?

भातलावणी_गुहागर:
ताईंनो, लाज वाटते पण विचारतेच. वय 34. लावणीला दहा-बारा दिवस चिखलात होते, ओल्या कपड्यातच दिवस जायचा, त्यात दाढ सुजली म्हणून अँटिबायोटिक घेतलं आणि त्यानंतर खाली इतकी खाज सुटलीय की रात्रीची झोप नाही. लघवीला आग होते, पांढरं घट्ट जातं, दूध फाटल्यासारखं. वास नाही. सासूबाई म्हणतात उष्णता आहे, धन्याचं पाणी पी.

नर्सताई_रत्नागिरी:
हे बुरशीचं म्हणजे कॅन्डिडाचं वाटतंय, पण तपासल्याशिवाय नक्की नाही सांगता येत. आत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू असतात, ते तिथलं आम्ल टिकवतात (पीएच म्हणजे आम्लाचं माप, साधारण 3.8 ते 4.5), अँटिबायोटिकने तेही मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं, ओले कपडे त्यात भर घालतात. सारखं होत असेल तर शुगर तपासा. आणि पाळी चुकली असेल तर दिवस गेलेले असू शकतात, मनाने गोळी घेऊ नका हं.

खाडीपलीकडची:
ट्यूबवर विसंबू नकोस गं. मी तीन वेळा तीच बुरशीची ट्यूब लावली आणि मला होतं बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे बुरशी नाही, आतल्या जंतूंचा समतोल बिघडून होतं ते. पातळ, करडं पाणी, आणि बांगडे साफ केल्यावर हाताला येतो तसा वास, संबंधानंतर जास्तच. वास जावा म्हणून मी आतून साबणाने धुवायचे, त्याने अजून बिघडलं. त्याचं औषध वेगळंच असतं.

नर्सताई_रत्नागिरी:
बरोबर. आणि पिवळं-हिरवं, फेसाळ जात असेल तर ट्रायकोमोनास नावाचा सूक्ष्म परजीवी असू शकतो, तो संबंधातून येतो, नवऱ्यालाही गोळ्या घ्यायला लागतात नाहीतर बरं होऊन पुन्हा होतं. बायका एकट्याच औषध घेतात, नवऱ्याला सांगतच नाहीत, फार वाईट वाटतं.

दापोलीची_काकू:
माझी पाळी जाऊन सहा वर्षं झाली. मला जात काहीच नव्हतं, नुसती कोरड नि आग. इन्फेक्शन नव्हतंच, इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी झाल्यामुळे आतली त्वचा पातळ होते म्हणाल्या डॉक्टर. पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर मात्र थांबू नका. आणि पोरींनो, चड्ड्या टॉवेलखाली लपवून वाळत घालू नका, आपल्याकडच्या पावसात त्या तशाच कुबट, दमट राहतात. मी इस्त्री फिरवते.

भातलावणी_गुहागर:
पाळी आठ दिवस वर गेलीय खरी, कामाच्या गडबडीत ध्यानातच नाही आलं. ट्यूब नको मग. उद्या सकाळच्या एसटीने चिपळूणला जाऊन डॉक्टरांना दाखवते.