अकरावीचे विषय निवडायच्या आधी घरच्यांना समजावणं शाळेचं काम की पालकांचं? तुमचं मत सांगा

कोपरखैरणेकर (धागा सुरू केला)

आधी घडलेलं सांगते मग मुद्द्यावर येते. आमच्या शेजारी माथाडी कुटुंब आहे, वडील तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटला, पहाटे अंधारात घर सोडतात. मुलगी बारावी सायन्सला, दहावीला ८६ टक्के होते. आजीच्या आजारपणात हॉस्पिटलातल्या एका सिस्टरला बघून तिने ठरवलं की आपण नर्स व्हायचं, तेव्हापासून दुसरं काही बोलतच नाही. गेल्या आठवड्यात नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे सीईटीचा फॉर्म भरायला माझ्याकडे आली, मी विषय विचारत गेले आणि ती सांगत गेली, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, इंग्लिश, कॉम्प्युटर सायन्स. मी म्हटलं बायो? तर गप्प.

झालं असं की अकरावीच्या अॅडमिशनला काउंटरवर विचारलं बायफोकल पाहिजे का, कॉम्प्युटरला स्कोप आहे, वडिलांनी हो म्हटलं आणि पैसे भरले. आता बायफोकलचं कॉम्प्युटर सायन्स म्हणजे २०० मार्कांचा विषय, तो घेतला की दुसरी भाषा जाते आणि अजून एक विषय जातो, हिच्या बाबतीत तो बायो गेला. आणि बी.एस्सी. नर्सिंगला फिजिक्स-केमिस्ट्री-बायो लागतंच. हे त्या दिवशी कोणी एका वाक्यात सांगितलं असतं तरी पुरे होतं. तिची आई दारात उभी राहून ऐकत होती, मला म्हणाली, "ताई, सायन्स घेतलं म्हणजे सगळं येतंच ना त्यात?"

त्या माऊलीची काय चूक सांगा. म्हणून माझं म्हणणं आहे की नववीच्या दुसऱ्या सत्रात प्रत्येक शाळेने घरच्यांना बोलावून, आईवडील नसतील तर मोठा भाऊ, मामा, जो कोण येईल त्याला बसवून, कुठल्या वाटेला कुठला विषय लागतो ते समजावलंच पाहिजे. आणि हे शाळेच्या मर्जीवर सोडू नये, बंधनकारक करावं.

कळव्याचे सर

तळमळ कळते पण बंधनकारक या शब्दाला माझा विरोध आहे. मी १९ वर्षं गणित शिकवतोय. आम्ही सभा लावतो हो! गेल्या वर्षी दहावीच्या वर्गात ६२ मुलं, सभेला पालक आले १४, आणि ते १४ असे की ज्यांना सांगायची गरजच नव्हती. तुमच्या शेजाऱ्यांसारखे येत नाहीत. वर आमच्यामागे बीएलओची (मतदारयादीची) कामं, निवडणूक, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, त्यात अजून एक बंधनकारक सभा टाकली की ती पण कागदावरच होणार, फोटो काढायचा, अहवाल पाठवायचा, संपलं.

दुसरं म्हणजे नियम टिकतात कुठे? बीबीए-बीसीए-बीएमएसला २०२४ च्या प्रवेशापासून सीईटी आली, त्याआधी बारावीच्या मार्कांवर मिळायचं. ज्या मुलांना आम्ही नववी-दहावीत सांगितलं होतं की कॉमर्स करा, पुढे बीएमएस आहे, परीक्षा नाही, ती आमच्यावर चिडली. मी गणिताचा शिक्षक, नर्सिंग काउन्सिलचे नियम मी कुठून पाठ करू, आणि चुकीचं सांगितलं तर दोष कोणाचा?

घोडबंदरची आई

सरांशी सहमत. मला हे पटतच नाही की प्रत्येक गोष्ट शाळेने करायची. मुलगा आपला आहे. मी आणि मिस्टर दोघंही नोकरी करतो, तरी मुलाच्या अकरावीच्या वेळी रात्री बसून सगळी माहितीपुस्तिका वाचली, फॉर्मचा भाग १, भाग २, इनहाऊस कोटा १० टक्के, मॅनेजमेंट ५ टक्के, मागच्या वर्षीचे कटऑफ, सगळं वहीत उतरवून काढलं. पोर्टलवर मराठीत पण असतं. हल्ली प्रत्येकाच्या हातात फोन आहे, रील बघायला वेळ आहे मग हे वाचायला का नाही? जबाबदारी घेतली नाही की मग शेवटी सगळे शाळेला बोल लावतात.

कोपरखैरणेकर

ताई, तुम्ही वाचलंत कारण काय वाचायचं ते तुम्हाला माहीत होतं. या बाईंना सायन्सच्या आत पीसीएम-पीसीबी (फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर मॅथ्स की बायो) अशा वेगळ्या वाटा असतात हेच माहीत नाही तर त्या शोधणार काय? "पसंतीक्रम", "कोटांतर्गत प्रवेश", "प्रत्यार्पित जागा" ही मराठी आहे खरी पण घरात बोलतो ती नाही. आणि हो, त्यांच्याकडे एकच स्मार्टफोन आहे, तो दिवसभर वडिलांबरोबर मार्केटमध्ये असतो.

दिघ्याचा मुलगा

मी आता एफवायला आहे, माझंच सांगतो. अकरावीच्या फॉर्ममध्ये काकांनी पहिल्या नंबरवर चर्चगेटजवळचं कॉलेज टाकायला लावलं, नाव मोठं आहे म्हणून. मला वाटलं नाही मिळालं तर बघू, मिळालं तर पण बघू. पहिल्याच फेरीत लागलं. मग कळलं की पहिला पसंतीक्रम लागला तर घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. दोन वर्षं सकाळी ५:४० ला घर, ठाण्याला गाडी बदल, मग दादर, मग वेस्टर्न. अकरावीला अटेंडन्स ७५ टक्क्यांच्या खाली गेला आणि पप्पांना बोलावलं. ही गोष्ट सांगायला मला शाळेत कोणी १० मिनिटं दिली असती तर मी ऐरोलीचं कॉलेज पहिलं टाकलं असतं. एवढंच बोलायचं होतं.

घणसोली बाबा

मी पूर्ण उलटं बोलणार आहे आणि मनापासून बोलतोय. नववीत पालकांना बसवायची ही जी आयडिया आहे ना, आमच्याकडे ती आठवीतच झाली. शाळेत "पालक मार्गदर्शन" म्हणून बोलावलं, स्टेजवर क्लासवाले. दोन तास घाबरवलं, आत्ता नाही तर कधीच नाही, स्पर्धा किती आहे, इतरांची मुलं कुठे पोचली. मी घाबरलो, खोटं नाही बोलत, दुसऱ्या दिवशी जाऊन फाउंडेशन बॅचचे पैसे भरले, पीएफमधून काढून. मुलगा शाळेतून ४ ला यायचा, ५ ते ८ क्लास. तो आधी जिन्यात बसून मांजरांची चित्रं काढायचा, वह्याच्या वह्या भरायचा. दहावीला येईपर्यंत पुस्तक उघडलं की त्याच्या पोटात दुखायचं, डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, पोटात काही नव्हतं.

त्यामुळे मला वाटतं दहावी होईपर्यंत पोरांना आणि आईबापांना पण सोडा. जितकं लवकर प्लॅनिंग तितकं लवकर गिऱ्हाईक.

कोपरखैरणेकर

वाचून वाईट वाटलं दादा. पण तुम्हाला जे मिळालं ती माहिती नव्हती, ती विक्री होती. माझ्या मते शाळेने सभा घ्यावी यामागे हेच तर कारण आहे, शाळेने नाही सांगितलं तर ती जागा क्लासवाले घेतात, रिकामी राहत नाही. क्लासवाल्याला त्या दिवशी गेटच्या आत घेऊच नये, ही अट पहिली.

आणि मी नववीत "तू काय होणार" हे ठरवा म्हणत नाहीये. उलट कुठला विषय सोडला की कुठलं दार बंद होतं एवढंच सांगा. ज्याचं ठरलं नाही त्याला पीसीएमबी चारही घेता येतात हे कितीजणांना माहीत असतं?

नेरूळ सेक्टर ५०

सीबीएसईवाले पण यात आहेत बरं का. आमच्याकडे दहावीला मॅथ्स बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन. टक्के वाढतील म्हणून मुलीला बेसिक घ्यायला लावलं, शाळेने फॉर्म घरी पाठवला, मी सही केली. अकरावीत म्हणाले स्टँडर्ड नाही तर मॅथ्स नाही, अप्लाइड मॅथ्स घ्या. तिला आर्किटेक्चर करायचं होतं. मध्ये काही वर्षं बोर्डाने सवलत दिली होती त्यावर आम्ही विसंबलो. सही माझी आहे त्यामुळे दोष मी दुसऱ्या कोणाला देत नाही पण त्या फॉर्मवर एक ओळ ठळक असती तर मी पेन खाली ठेवला असता.

आणि इंटिग्रेटेडचा, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र असतात त्याचा विषय काढाच कोणीतरी. माझ्या भावाचा मुलगा, ओपन कॅटेगरी, जेईई मेनला (इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा) चांगला रँक. दोन वर्षं कॉलेज फक्त नावाला, प्रॅक्टिकल परीक्षेच्या तोंडावर आठ दिवसांत उरकले, सगळे म्हणायचे बोर्डाला कोण विचारतं. बारावीला ६४ टक्के. एनआयटी-आयआयटीला बारावीला ७५ टक्के लागतात नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं, तो दोन्हीत नाही बसला. रँक हातात आणि दार बंद. माझी वहिनी अजून तो रँकचा कागद फाइलमध्ये जपून ठेवते.

घोडबंदरची आई

हे ७५ टक्क्यांचं वाचून खरंच धस्स झालं. पण तरी मी म्हणेन की हे त्या कॉलेजने आणि क्लासने सांगायला पाहिजे होतं, ज्यांनी फी घेतली त्यांनी. दहावीच्या शाळेतल्या मास्तरांवर का टाकता?

कळव्याचे सर

कारण पालक शेवटचा विश्वास आमच्यावर ठेवतो, हे मला मान्य करावं लागेल. दहावीचा निकाल घेऊन गेलेला बाप अजूनही विचारायला परत शाळेतच येतो. पण माझा मूळ आक्षेप तसाच आहे. नियम बदलतात. बायोचंच घ्या, नीटसाठी (डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा) पूर्वी बारावीला नियमित बायो नसेल तर विषय संपायचा, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मेडिकल कमिशनने सांगितलं की बारावीनंतर बायो जादा विषय म्हणून दिला तरी चालेल. म्हणजे मी त्याआधी एखाद्या मुलाला "तुझं डॉक्टरकीचं दार कायमचं बंद" सांगितलं असेल तर ते आज खोटं ठरलं. अर्धवट माहिती देणारा शिक्षक गप्प बसणाऱ्यापेक्षा जास्त नुकसान करतो. मला शाळेत पूर्णवेळ समुपदेशक द्या, नाहीतर चार-पाच शाळांना मिळून एक द्या, मग बंधनकारक करा, मी स्वतः खुर्च्या मांडीन.

कोपरखैरणेकर

सर, समुपदेशक मिळेपर्यंत अशी किती मुलं काउंटरवर हो म्हणून येणार? परीक्षा बदलतात हे खरं, पण इंजिनिअरिंगला गणित आणि नर्सिंगला बायो हे तर माझ्या वेळीही होतं. तेवढं तरी सांगा. उरलेलं "बदलू शकतं, फॉर्मच्या आधी विचारून घ्या" एवढं म्हटलं तरी चालेल. तुम्ही जे न चुकता सांगू शकता तेच थोडंथोडकं नाहीये.

सभेला १४ आले म्हणालात, सभा कधी होती?

कळव्याचे सर

शनिवारी सकाळी ११.

तुर्भे नाका

सर मी बोलू का, मी एमआयडीसीत शिफ्टला आहे. शनिवारी ११ ला आलो तर अर्धा दिवस कापला जातो. माझी बायको तीन घरी कामाला जाते, ११ ची वेळ म्हणजे तिची भांड्यांची वेळ. आम्हाला पोराची काळजी नाही असं नाही हो. मागच्या वेळी मी गेलो होतो एकदा, सगळं इंग्लिश-मराठी मिसळून भराभर बोलले, मला विचारायचं होतं की आयटीआय केलं तर पुढे डिप्लोमा करता येतो का, हात वर करायला लाज वाटली. बाहेर आल्यावर चहावाल्याला विचारलं. त्याला माहीत होतं, येतो म्हणाला.

कळव्याचे सर

दादा, बरोबर सांगितलं त्याने. आयटीआयनंतर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या पण थेट दुसऱ्या वर्षाला. मुलाची बारावी नाही झाली तरी अडत नाही. हे तुम्हाला शाळेतून कळायला हवं होतं. वेळेचं तुमचं म्हणणं मी मुख्याध्यापकांकडे मांडतो.

ठाणे स्टाफ नर्स

उशिरा वाचला धागा पण त्या मुलीसाठी लिहितेय, बाकी वाद चालू द्या. तिला सांगा नर्सिंग संपलेलं नाही. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्रजी विषय हवा आणि ४० टक्के हवेत, कोर्स ३ वर्षांचा. त्यानंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी., म्हणजे नर्सिंगची डिग्री, २ वर्षं. मी स्वतः जीएनएम केलंय, आर्ट्समधून आले, पहिल्या सहा महिन्यांत अॅनाटॉमी खूप जड गेली पण मैत्रिणीने रोज रात्री हाडांची नावं घोकून घेतली माझ्याकडून. वॉर्डात पेशंटला सुई लावताना कोणी विचारत नाही बारावीला बायो होतं का. कॉलेज घेताना फक्त ते नर्सिंग काउन्सिलचं मान्यताप्राप्त आहे का ते आधी बघायचं, आणि डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर जे काय लागू असेल ते आत्ताच काढायला टाका, बारावीचा निकाल लागला की सेतूमध्ये रांगाच रांगा असतात.

घणसोली बाबा

ताई तुमच्यासारखं कोणी स्टेजवर असतं आठवीत तर मी पैसे भरले नसते. तरी नववी मला लवकरच वाटते, दहावीची परीक्षा झाल्यावर निकाल लागेपर्यंत दीड-दोन महिने असतात त्यात घ्या ना सभा.

कोपरखैरणेकर

दहावीनंतर अर्धी कुटुंबं गावी जातात दादा, साताऱ्याला, जुन्नरला, निकालाच्या दिवशी परत येतात आणि पंधरा दिवसांत फॉर्म. आणि सीबीएसईचं बेसिक-स्टँडर्ड तर दहावीतच ठरतं, वर नेरूळच्या ताईंनी लिहिलंय ते बघा. म्हणून नववी. यावर माझं मत नाही बदलणार.

स्टाफ नर्स ताई, तुमचं तसंच्या तसं वाचून दाखवलं तिला आणि तिच्या आईला. आई म्हणाली, "कुठली पण बारावी चालते म्हणजे फसवणूक तर नाही ना?" पोरगी काही बोलली नाही, वही आणली आणि "मान्यता बघणे" असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. तिच्या वडिलांना रविवारी सुट्टी आहे, तेव्हा कॉलेजांची नावं घेऊन बसणार आहोत. तुम्हाला जमलं तर १० मिनिटं फोनवर बोलाल का त्यांच्याशी? वडील म्हणतात नर्सचं काम करणाऱ्या माणसाकडूनच ऐकायचंय.

ठाणे स्टाफ नर्स

रविवारी माझी मॉर्निंग ड्युटी आहे, ३ नंतर बोलते. नंबर मेसेज करा.